डबीतला जीव

धारूरच्या पेठेत सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या, त्या दिवसांत मुंबईहून चित्रीकरणाची मंडळी गावात आली. सत्य घटनांवर आधारलेली एक मालिका दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला दाखवली जाते. तिच्या एका भागासाठी कापड दुकानदार महांतेश, म्हणजे गावाचे अप्पा, यांच्या हत्येची हकिकत निवडली गेली होती. त्या हत्येला बरीच वर्षे लोटली होती. माजलगावच्या बाजारातून परतत असताना घाटातल्या वळणावर दोघा वाटमाऱ्यांनी महांतेशांना अडवले, मारले, आणि मनगटावरचे घड्याळ व गळ्यातील चांदीची डबी घेऊन ते पसार झाले. पुढे त्यांतला एक जण ती डबी मोडायला एका सराफाकडे गेला आणि तेथेच सापडला. न्यायालयाने दोघांनाही जन्मठेप दिली. हकिकत एवढीच होती.

महांतेशांच्या मुलाने, सिद्धारामने, चित्रीकरणाला परवानगी दिली ती आनंदानेच. वडिलांचे नाव चार लोकांच्या कानी जाईल, एवढाच त्याचा भाव होता. त्याची आई दानम्मा हिने ते त्याच्यावरच सोपवले. ती रोज सकाळी स्नान करून, कपाळी विभूती लावून, दुकानातल्या गादीच्या कडेला येऊन बसे, गिऱ्हाइकाला पाणी विचारी आणि दुपारी घरी जाई. त्या दिवशीही ती तशीच बसली होती. समोर दिव्यांचे खांब उभे राहत होते आणि पेठेतली अर्धी माणसे आपापली दुकाने पोरांवर सोपवून तेथे येऊन उभी होती.

दिग्दर्शक प्रविण हा मूळचा गेवराईचा. मुंबईत राहून त्याची भाषा सुधारली होती, पण बालाघाट चढून वर आल्याबरोबर ती पुन्हा मूळ पदावर आली होती. तो दानम्मापाशी अदबीने बसला.

"मावशी, एक इचारायचं व्हतं. त्या बाईंचा एखादा फोटो मिळंल का? डबीत बसंल असा बारका."

"कोणत्या बाईचा?"

"डबीतल्या. न्हाई मिळाला तरी अडत न्हाई. आमी पुण्याहून एक नटी आणलीय, रुचिका म्हणून. तिचाच लावतो."

सिद्धाराम गजाने कापड मोजत होता. त्याचा हात थांबला.

"कसली बाई, कसला फोटो?" तो म्हणाला. "काय बोलायलाव तुमी?"

"आवं, मावशीच म्हणालत्या की," प्रविण गोंधळून म्हणाला. "आमच्या ऑफिसातल्या पोरीनं मुंबईहून फोन केलता. तिनं इचारलं, गळ्यातल्या डबीत काय व्हतं. मावशी म्हणाल्या, त्यांचा जीव व्हता त्यात. त्यावरच तर सगळा भाग रचला. दुकानदार हाय, शांत माणूस हाय, पर गळ्यातल्या डबीत कुणाचं तरी चित्र घेऊन फिरतो. मग त्या बाईच्या घरच्यांनी माणसं घातली. चांगलं जमलंय बघा."

सिद्धारामने गज खाली ठेवला. दानम्माचा चेहरा उतरला, तो रागाने नव्हे. आपण नेमके काय बोललो होतो, ते तिला आठवले होते.

महांतेश वीरशैव होते. वीरशैवाच्या गळ्यात गुरूने दिलेले इष्टलिंग असते. ते चांदीच्या डबीत ठेवून शिवदारा नावाच्या दोऱ्याने गळ्यात बांधतात. नित्य ते डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करतात, आणि ते देहापासून दूर करीत नाहीत. ते हरवले तर प्राण हरवला असे मानण्याची रीत आहे. म्हणून जुन्या घरांतून इष्टलिंगाला नुसते 'जीव' असेच म्हणतात. लहान मूल आंघोळीला निघाले तर आजी म्हणते, "जीव सांभाळ रे." दानम्माने तोच घरातला शब्द फोनवर उच्चारला होता. मुंबईच्या मुलीने तो आपल्या परीने ऐकला होता.

"इष्टलिंग व्हतं त्यात," सिद्धाराम प्रविणला म्हणाला. "आमचा देव हाय तो."

प्रविणच्या मागे दिव्यांच्या तारा धरून दोघे कामगार उभे होते. ते शब्द ऐकताच त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ओठ दाबले. दानम्माने ते टिपले. फोनवर तो शब्द तिने टाळला होता, तो ह्याच भयाने.

"मग आधी कावून न्हाई सांगितलं, मावशी?" प्रविणने विचारले. त्याच्या स्वरात दोष नव्हता, अडचण होती.

"परक्या लेकराला फोनवर काय सांगू?" दानम्मा म्हणाली. "घरात म्हणतो तसं म्हणाले."

"आता ती बाई काढून टाका," सिद्धाराम म्हणाला.

"भाऊ, काढली तर उरतं काय? दोघं आले, मारलं, डबी घेऊन गेले. लोक बघत न्हाईत असलं. माणूस मेला म्हणल्यावर बघणाऱ्याला कारण लागतं."

"कारण नव्हतं, बाबा," दानम्मा म्हणाली. "कारण असतं तर मला तरी रागवायला कुणी मिळालं असतं. तेच तर न्हाई मिळालं."

बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली. उठता उठता तो म्हणाला, "दुपारी डबीचाच प्रसंग हाय, मावशी. ऊन उतरायच्या आत घ्यावा लागंल. तवर तुमी काही सांगितलं तर मी ऐकीन. पर दाखवता येईल असं कायतरी द्या मला."

दानम्मा डोक्यावरचा पदर सारखा करून मठाकडे निघाली.

गुरुपाद स्वामी मठाच्या ओसरीवर पुस्तकांना ऊन देत बसले होते. वार्धक्याने त्यांची दृष्टी मंद झाली होती, पण पावलांचा आवाज त्यांना ओळखू येई.

"ये, दानम्मा. आज गावात जत्रा भरली आहे म्हणे."

"शरणार्थ, स्वामी. जत्रा माझ्याच दारात हाय." ती खाली बसली आणि घडले ते सगळे तिने सांगितले. शेवटी म्हणाली, "माझ्या एका शब्दानं त्यांच्या मागं बाई लागली, स्वामी."

स्वामींना हसू आवरले नाही. "महांतेशला तू जिवंतपणी अंबाजोगाईच्या यात्रेलासुद्धा एकटा जाऊ देत नव्हतीस. गावात यावर कोण विश्वास ठेवील?"

"गावातलं न्हाई भ्याव मला. गावानं त्यांना बघितलंय. माझ्या लेकीची, शिवानीची लेकरं हायेत ना, लातूरला. अप्पा गेल्यावर झालेली. त्यांनी आजोबाला कुठं बघितलंय? त्यांना टीव्हीवर दिसंल तोच त्यांचा आजोबा. जन्मभर तेवढाच."

स्वामींचे हसू ओसरले. पुस्तकाची पाने त्यांनी हळुवार मिटली.

"मग त्यांना आजोबा दाखव," ते म्हणाले. "महांतेश पूजेला बसत असे, तसा."

"दाखवू द्याल? तो नट आपला न्हाई. दीक्षा न्हाई त्याला. त्याच्या हातात लिंग कसं देऊ? आन् त्या शब्दाला हसतात लोक. आज दोघं हसलेच."

"ज्यात सर्व लीन होते आणि ज्यातून सर्व पुन्हा प्रकट होते, ते लिंग. शब्द इतका मोठा आहे. कानावर पडतो तेव्हा तो लहान होतो. त्यात शब्दाचा दोष नाही आणि हसणाऱ्या पोरांचाही फारसा नाही. त्यांना कुणी सांगितलेच नसेल." स्वामींनी मिटलेले पुस्तक उन्हात सरकवले. "दीक्षेवाचून हातात द्यायचे नाही, हे तू बरोबर बोललीस. देऊ नकोस. डबी उघडताना दिसू दे, डावा तळहात दिसू दे, आणि त्यावर काय आहे ते बघणाऱ्याच्या बाजूने उजव्या हाताने झाकलेले राहू दे. पूजा करणारा ते पाहतो आहे, एवढे दिसले म्हणजे पुरे. आपणही दुसऱ्याच्या पूजेत डोकावत नाही."

दानम्माने नमस्कार केला. ती उठली तेव्हा स्वामी म्हणाले, "आणि त्याने विचारल्यावर सांग. पुष्कळदा माणसे आपण होऊन सांगत नाहीत आणि मग जगाला दोष देतात."

"तुमी मलाच म्हणायलाव."

"तुलाच म्हणतो आहे," स्वामी म्हणाले.

दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत दिवे लागले. महांतेशांची भूमिका करणारा नट गहिनीनाथ हा शिरूर कासारचा. त्याचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जात. तो स्वतः नाटकांतून पुढे आला होता आणि मालिकेत आजवर त्याच्या वाट्याला बहुधा प्रेतेच आली होती. पूर्ण बोलणारा, चालणारा माणूस त्याला प्रथमच मिळाला होता, तोही अखेरीस मरणारा. पण त्याची त्याला खंत दिसत नव्हती. पांढरा सदरा घालून, कपाळी विभूतीचे आडवे पट्टे ओढून तो बसला होता. पट्टे चुकले होते.

दानम्मा खोलीत आली. "बाळा, विभूती अशी न्हाई ओढत. तीन बोटं एकदम ने. तू तर कुंपण घातल्यावानी ओढलीस."

मंडळी हसली. गहिनीनाथही हसला आणि त्याने कपाळ पुसले.

मग दानम्मा प्रविणकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, तिने इष्टलिंग म्हणजे काय ते सांगितले. शब्द तिने टाळला नाही. सकाळी ओठ दाबलेल्या दोघांतला एक जण तार खाली ठेवून ऐकू लागला. ती पुढे म्हणाली, "अप्पा सापडले तवा गळ्यात डबी नव्हती. आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात, डाव्या हातात लिंग ठेवून. त्यांचा हात रिकामा व्हता. गुरुपाद स्वामींनी दुसरं लिंग दिलं, तवा समाधी झाली. पुढं पोलिसांनी डबी आणून दिली, ती आमी समाधीपाशी नेऊन ठेवली. त्या दिवशी मला झोप लागली. चोराला चांदी पाहिजे व्हती. आत काय हाय, ते त्यानं बघितलंसुद्धा नसंल."

प्रविणने विचारले, "ते गळ्यातलं ओढताना अप्पांनी चोराचा हात धरला असंल का?"

"धरला असंल. घड्याळ न्हेलं तरी धरला नसता. तेवढ्यासाठी धरला असंल."

प्रविण हातातल्या कागदांकडे पाहत राहिला. ते त्याने गुंडाळून मांडीखाली घातले. "मग कारण हाय की, मावशी," तो हळूच म्हणाला. "दोघांनी घड्याळ मागितलं, ह्यांनी दिलं. डबी मागितली, ती दिली न्हाई. म्हणून मारलं."

दानम्मा थबकली. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने अशा क्रमाने मनात मांडली नव्हती.

"असंल," ती म्हणाली.

मुंबईला दोन फोन झाले. पलीकडून कुणी वरिष्ठ बरेच काही बोलत होता आणि प्रविण "हो सर, हो सर" म्हणत दुकानाबाहेर येरझारा घालत होता. आत आला तेव्हा त्याने सांगितले की बाई गोष्टीतून गेली. प्रश्न उरला रुचिकाचा. ती सकाळपासून रंगरंगोटी करून, मोगऱ्याचा गजरा माळून, कथेतल्या आपल्या प्रियकराच्या दुकानात जायची वाट पाहत गाडीत बसली होती.

"मग मी परत जाऊ?" तिने विचारले.

"परत कावून? बायको कर की अप्पांची," प्रविण म्हणाला. "बायकोच्या वाट्याला नुसतं रडणं लिहिलं व्हतं, त्यासाठी गावातली एखादी बाई बघणार व्हतो. आता तिलाच पुढं आणू. मावशी, चालंल का?"

दानम्माने रुचिकाला पायापासून डोक्यापर्यंत निरखले. "चालंल. पर तो गजरा काढ, बाई. आन् पदर नीट घे. कापडाच्या दुकानातली बाई असं लुगडं नेसली तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं."

"मावशी, तुम्ही तरुणपणी अशाच होता का, रागीट?"

"रागीट व्हते. सुंदर नव्हते. ते तू बघून घे."

प्रसंग सुरू झाला. गहिनीनाथ पाटावर बसला. दानम्माने त्याचा डावा हात धरून नाकासमोर, छातीपासून थोडा दूर, नेमक्या उंचीवर आणला. उजवा हात त्याच्या कडेने आडवा ठेवला. "आता तिथंच बघ," ती म्हणाली. "दुसरीकडं बघू नको. ओठ हलवू नको. अप्पा मनात म्हणत."

गहिनीनाथने तळहाताकडे पाहिले. तळहात रिकामा होता. बराच वेळ तो तसाच पाहत राहिला आणि हळूहळू त्याच्या खांद्यांतील ताठरपणा नाहीसा झाला. प्रविणने थांबायची खूण करायला उशीर लावला.

"कट," तो शेवटी म्हणाला. मग, "दुसरा टेक घ्यायचा न्हाई."

दानम्मा मागे भिंतीशी उभी होती. सिद्धारामने तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे कोरडे होते आणि ती मान किंचित तिरकी करून, तांब्याचे भांडे घासून झाल्यावर पाहावे तसे, त्या नटाकडे पाहत होती.

तो भाग मार्गशीर्षात दाखवला गेला. सिद्धारामने दूरदर्शन संच दुकानातच आणून बसवला. शेजारपाजारचे लोक कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून बसले. शिवानी लातूरहून लेकरांसह आली होती. ती दोघे दानम्माच्या मांडीला दोन्ही बाजूंनी टेकून बसली.

मुंबईच्या मंडळींनी जे करायचे ते केलेच होते. धारूरचा किल्ला गडद निळ्या प्रकाशात न्हाऊन एखाद्या भुताच्या घरासारखा उभा होता. घाटात वीज कडाडत होती, जरी हत्या झाली ते दिवस कोरड्या उन्हाळ्याचे होते. महांतेशांचे दुकान तिप्पट मोठे झाले होते. आणि घाटात, दोघा वाटमाऱ्यांनी वाट अडवताच, महांतेशांनी एकाला उचलून दगडावर आदळले.

"आयला," शेजारचा किराणा दुकानदार राधाकिशन म्हणाला. "अप्पा पहिलवान व्हते का?"

"गप बे," सिद्धाराम म्हणाला. पण त्यालाही हसू आले.

वाटमाऱ्याने घड्याळ मागितले. महांतेशांनी दिले. त्याने डबीला हात घातला. तेव्हा महांतेशांनी दोन्ही हातांनी ती धरली. वाद्यांचा गजर एवढा झाला की पुढचे शब्द ऐकू आले नाहीत. मग पडदा अंधारला. शिवानीने डोळ्यांना पदर लावला. दानम्माने नातवंडांची डोकी आपल्या कुशीत वळवली होती. पडदा उजळला तशी ती सोडली.

पडद्यावर आता मागची एक सकाळ होती. महांतेश पाटावर बसले होते. रुचिका, मोगऱ्याशिवाय, दाराशी उभी राहून त्यांची पूजा आटोपण्याची वाट पाहत होती. डबी उघडली. डावा तळहात वर आला. वाद्ये थांबली. निवेदकाच्या आवाजाने सांगितले की गळ्यातील त्या डबीत वीरशैवाचे इष्टलिंग होते, आणि सांगताना तो आवाज कुठेही अडखळला नाही.

"आजी, हे आजोबा?" थोरल्या नातवाने विचारले.

"असेच बसत," दानम्मा म्हणाली. "तेवढा वेळ मात्र न्हाई बसत. तेवढा वेळ बसले असते तर दुकान कुणी उघडलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे गादीच्या कडेला येऊन बसली. मनात थोडी धाकधूक होतीच. लोक काय बोलतील, कुणी जाणे. पहिली आली ती भिवराबाई. पेठेच्या मागच्या आळीत राहणारी, सुनेसाठी खण घ्यायला आलेली. ती पायरीवर टेकली आणि खणाकडे न पाहता म्हणाली,

"दानम्मा, तो माणूस चांगला व्हता. पर आपले अप्पा त्याच्यापेक्षा गोरे व्हते."

"गोरे कुठले? सावळे व्हते."

"गोरे व्हते. माझ्या लग्नाचं लुगडं त्यांनीच दिलंय, मला ठावं न्हाई?"

"लग्नात तुला डोळ्यांपुढं समदं गोरंच दिसत असंल."

राधाकिशन आपल्या दुकानातून उठून आला. "नाक मात्र चुकलं," तो म्हणाला. "अप्पांचं नाक मोठं व्हतं. आन् त्यानं कापड कात्रीनं कापलं. अप्पांनी कधी कात्री घेतली का हातात? दातांनी जरासं फाडायचे आन् मग एका झटक्यात टर्र."

"सरळ फाटायचं पर," भिवराबाई म्हणाली.

"सरळ म्हणजे सुतावर. आन् वर हातभर जास्त द्यायचे. आमचा म्हातारा भांडला एकदा त्यावरून, की तुमी फुकट देता, म्हणून आमच्या दुकानात लोक गूळ जास्त मागतात."

इतकी वर्षे महांतेशांचे नाव निघाले की लोक आवाज खाली करीत आणि घाटाकडे पाहत. आज कुणी घाटाकडे पाहिले नाही. आणखी दोघी पायरीवर येऊन बसल्या; त्यांतली एक म्हणाली की अप्पा गाणे गुणगुणत, दुसरी म्हणाली की ते गाणे नव्हे, शिंक येण्याआधीचा आवाज असे, आणि त्यावर सगळी पायरी हसू लागली. आतल्या खोलीतून नातवंडे धावत आली. "काय झालं? आजोबा कसे शिंकायचे?"

"राधाकिशन, दाखव रे," दानम्मा म्हणाली, आणि भिवराबाईसाठी खणांचा गठ्ठा तिने स्वतः पुढे ओढला.